मांजराने विषारी झाड खाल्लं तर काय करायचं, आणि ते पुन्हा पुन्हा खात असेल तर

«पान खाल्लं, एकदा उलटी झाली, पण आता अगदी ठीक दिसतंय. वाट पाहू का?» मांजर पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत येतो, आणि नेमका त्यातला «आता ठीक दिसतंय» हाच भाग धोक्याचा असतो. काही झाडांचं विष आधी पोट बिघडवतं, मग काही तास गप्प बसतं. त्या मधल्या वेळात मांजर खेळतं, कधी कधी जेवतंसुद्धा, आणि आतमध्ये किडनी किंवा यकृत निकामी होत असतं. म्हणून मांजराच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय घेऊ नका. निर्णय झाडावरून घ्यायचा असतो.

याला एक अपवाद आहे. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, कोसळलंय, झटके येताहेत, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर पडल्यात, नाहीतर जीभ-ओठ सुजून घुसमटतंय, असं काही दिसलं तर झाड ओळखत बसू नका. उचला आणि दवाखाना गाठा. कुत्रं धापा टाकतं ते सहसा गरम होतं म्हणून. मांजराने तोंड उघडून श्वास घेणं बहुतेक वेळा गंभीरच असतं. निघताना दुसऱ्या कुणाला तरी झाडाचा फोटो काढून पाठवायला सांगा.

पहिली काही मिनिटं

मांजराला झाडापासून उचलून वेगळ्या खोलीत ठेवा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर सगळ्यांनाच झाडापासून दूर ठेवा, कारण कुणी खाल्लं हे तुम्हाला वाटतं तितकं स्पष्ट नसतं. तोंडात पानाचा तुकडा दिसत असेल आणि मांजर करू देत असेल तर बोटाने अलगद काढा. चावत असेल तर सोडून द्या. चावलेलं बोट घेऊन गाडी चालवण्यात काही शहाणपण नाही.

अंगावर परागकण, चीक किंवा पानाचा रस लागला असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढा. जास्त लागला असेल तर कोमट पाण्याने धुवा. मांजर अंग चाटूनच स्वच्छ करतं, म्हणजे केसांवर जे आहे ते थोड्या वेळाने पोटात जाणारच. गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर घरी असेल तर आताच घाला.

मग पुरावा गोळा करा. कुरतडलेलं पान, शक्य असेल तर फूल आणि देठासकट फांदी, कुंडीवरचं लेबल, आणि उलटी झाली असेल तर तीही, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. उलटी नीट बघा. फेसात पानाचे लांबट, दुमडलेले, जवळजवळ न चावलेले तुकडे दिसतात, आणि त्यांच्यावरून झाड बऱ्याचदा ओळखता येतं. कुंडीतलं पानही बरंच सांगतं: मांजर पान समोरून तोडत नाही, मान वाकडी करून बाजूच्या दाढांनी कातरतं. त्यामुळे कड करवतीसारखी दातेरी होते आणि शेजारी टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. कड ओली आणि हिरवी असेल तर प्रकार ताजा आहे. तपकिरी होऊन सुकली असेल तर ते कालचं किंवा परवाचंही असू शकतं. वेळेचा हा अंदाज डॉक्टरांच्या फार कामाचा असतो.

फोनवर डॉक्टरांना या क्रमाने सांगा: कोणतं झाड, कोणता भाग, अंदाजे किती, झाड शेवटचं धड कधी पाहिलं होतं, मांजराचं वजन, आधीचा काही आजार किंवा चालू औषध, आणि आत्ताची लक्षणं. «खूप घाबरलेय हो» हे शेवटी सांगितलं तरी चालतं.

घरी काय करू नये

इथे मी जरा कडक होणार आहे, कारण झाडाइतकंच नुकसान घरगुती उपायांनी होताना दिसतं.

उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम जीवघेण्या पातळीला जाऊ शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइड कुत्र्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली कधी कधी दिलं जातं, पण मांजराच्या पोटाचं अस्तर त्याने अक्षरशः सोलून निघतं आणि रक्तस्राव होतो. घशात बोट घालण्याचा काही उपयोग नाही. मांजराला सुरक्षितपणे उलटी करवणारी औषधं वेगळी असतात, ती इंजेक्शनने दिली जातात आणि दवाखान्यातच द्यायची असतात.

दूध हा उतारा नाही. तेल आणि तूप तर मुळीच नको, कारण धडपडणाऱ्या मांजराला तेलकट काही पाजलं की ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष शोषून घेणारी कोळशाची पूड, हिच्याबाबतही तेच. मळमळणाऱ्या मांजराला सिरिंजने काळं पाणी पाजण्याचा प्रयोग घरी करू नका.

माणसांच्या गोळ्या बंद. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, एक गोळीही जीव घेऊ शकते. «ताप आल्यासारखं वाटलं म्हणून पाव गोळी दिली» हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

आता झाड कोणतं, ते बघू

सगळ्यात आधी लिली, कारण मांजरांच्या बाबतीत तिच्यासारखं दुसरं झाड नाही. अडचण अशी की लिली या नावाखाली निरनिराळ्या कुळांतली झाडं विकली जातात आणि त्यांचा धोका सारखा नाही.

खरी लिली म्हणजे लिलियम: एशियाटिक, ओरिएंटल, ईस्टर, टायगर, स्टारगेझर. पुष्पगुच्छात येणारी मोठ्या सहा पाकळ्यांची, मधोमध लांब तंतूंवर केशरी-तपकिरी परागकोश डोलणारी फुलं ती हीच. तिच्यासोबत डे लिली, म्हणजे हेमेरोकॅलिस. या दोन्हींचं पान, पाकळी, देठ, परागकण, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीही मांजराची किडनी निकामी करतं. मात्रेचा हिशोब करू नका. पानाचा एक तुकडा किंवा नाकावरून चाटलेले परागकणही पुरतात. कुत्र्याने हीच लिली खाल्ली तर बहुतेक वेळा पोट बिघडण्यावर निभावतं, त्यामुळे कुत्रा पाळणाऱ्या मित्राचा अनुभव इथे लावू नका.

घटनाक्रम साधारण असा असतो. पहिल्या काही तासांत उलटी, लाळ, मलूलपणा. मग उलट्या थांबतात आणि घरातले सुटकेचा श्वास सोडतात. बारा ते चोवीस तासांच्या सुमारास मांजर जास्त लघवी करू लागतं, अंगातलं पाणी कमी होतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत किडनी काम सोडते, लघवी कमी होत होत बंद पडते. लघवी बंद पडल्यावर उपचारांना फारसं यश येत नाही. याउलट पहिल्या अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर बहुतेक मांजरं वाचतात. म्हणून रात्री अकरा वाजता नाकावर केशरी पूड दिसली तर सकाळची वाट पाहू नका. «खाल्लं की नुसतं हुंगलं?» हा वाद गाडीत बसल्यावर घाला.

पीस लिली आणि कॅला लिली या खऱ्या लिली नाहीत. त्या मनी प्लांट, डायफेनबाकिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, ॲग्लोनेमा आणि अळू यांच्या गटातल्या. या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजराने चावा घेतला की ते तोंडात रुततात. लगेच लाळेची धार लागते, मांजर पंजाने तोंड चोळतं, डोकं झटकतं, जेवणापाशी जाऊन परत फिरतं. बघवत नाही, पण दुखतं म्हणूनच मांजर फारसं खात नाही, आणि जीव जाण्याची वेळ क्वचित येते. ओल्या कापडाने तोंड पुसा, पाणी समोर ठेवा, मऊ ओलं खाणं द्या. काही तासांत कमी व्हायला लागतं, सहसा दिवसभरात निवळतं. जीभ किंवा घसा सुजून श्वासाला त्रास होत असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा दुसऱ्या दिवशीही काही खात नसेल तर दवाखाना. तरीही फोन आधीच करा. पीस लिली आणि लिलियम यांत गफलत झालेली असू शकते, आणि ती गफलत फोटोवरून लगेच लक्षात येते.

लिलीचं नाव लावलेली आणखी दोन झाडं वेगळीच आहेत. लिली ऑफ द व्हॅली हृदयावर काम करते. आणि ग्लोरी लिली, म्हणजे आपली कळलावी, तिच्यात कोल्चिसिन असतं. आधी जबर उलट्या-जुलाब, मग अनेक अवयवांवर आणि अस्थिमज्जेवर परिणाम. दोन्ही प्रकरणं तातडीचीच.

हृदयावर काम करणाऱ्या झाडांची यादी आपल्याला ओळखीची आहे: कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, अडेनियम, आणि छोट्या कुंडीतला फुलांचा कलंचो. त्याचाच भाऊबंद पानफुटी. उलट्या, अशक्तपणा, नाडी मंद किंवा अनियमित. कण्हेरीचं सुकलेलं पानही विषारीच राहतं, त्यामुळे छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. इथेही लक्षणांची वाट पाहायची नाही, कारण हृदयाचे ठोके बिघडलेत हे बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात, ते दिसायला पाम आहे पण पामच्या कुळातलं नाही. सगळं झाड विषारी, बिया सर्वांत जास्त. काही तासांत उलट्या, आणि दोन-तीन दिवसांनी यकृताचा बोजवारा: हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट, रक्त गोठेनासं होणं. मधल्या काळात लिलीसारखीच फसवी शांतता. अरेका पामला मात्र घाबरू नका, ते मांजरांना विषारी नाही. नर्सरीत दोन्ही «पाम» म्हणूनच मिळतात, म्हणून झाड घरी आणतानाच त्याचं शास्त्रीय नाव विचारून कुंडीवर मार्करने लिहून ठेवा. अर्ध्या रात्री ते नाव तुम्हाला हवं असेल.

धोत्रा खाल्लेलं मांजर वेगळं दिसतं. बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, उजेडातही बारीक न होणाऱ्या, तोंड कोरडं, अंग गरम, हालचाली सैरभैर. एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया फोडून चावल्या गेल्या तर प्रकरण अतिशय गंभीर होतं. कठीण कवचाची बी सबंध गिळली गेली तर धोका कमी असतो, पण ती फुटली की नाही हे तुम्ही सांगू शकत नाही, तेव्हा दवाखाना.

उरलेली मंडळी त्रास देतात, सहसा जीव घेत नाहीत: कोरफड, स्नेक प्लांट, जेड, ड्रासीना, शेवंती. उलटी, जुलाब, थोडी सुस्ती. ड्रासीना खाल्ल्यावर मांजराच्या बाहुल्या मोठ्या होतात हे लक्षात ठेवण्यासारखं. डॉक्टरांना फोन करून घरीच लक्ष ठेवलं तर बहुतेकदा चालतं. मांजराचं पिल्लू असेल, वय झालेलं असेल किंवा किडनीचा जुना आजार असेल तर हे लागू नाही.

झाड ओळखताच आलं नाही तर? मग ते वाईटातलं वाईट आहे असं धरून चला.

दवाखान्यात

खाऊन एक-दोन तासच झाले असतील तर डॉक्टर उलटी करवतील, गरज वाटली तर चारकोल देतील. लिलीच्या बाबतीत पुढचे दोन ते तीन दिवस शिरेतून सतत सलाईन चालतं. यासाठी मांजराला भरती ठेवावं लागतं. कातडीखाली एकदा सलाईन देऊन घरी पाठवणं हा त्याला पर्याय नाही, आणि डॉक्टरांना भरती करण्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रक्ताच्या पहिल्या रिपोर्टवरून. किडनी बिघडली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन वाढायला वेळ लागतो. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी घेतलेलं रक्त नॉर्मल येणारच. तो रिपोर्ट मांजर वाचलं असं सांगत नाही, किडनी आधी कशी होती तेवढं सांगतो. तपासणी रोज, निदान तीन दिवस पुन्हा व्हायला हवी. लघवीची तपासणी बदल लवकर दाखवते, तीही करून घ्या. सायकसच्या बाबतीत हेच यकृताच्या तपासण्यांना लागू.

घरी आणल्यावर तीन गोष्टी लिहून ठेवा: लिटर बॉक्समध्ये लघवीचे गोळे किती आणि केवढे, खाणं किती, आणि झोपेत मिनिटाला श्वास किती. शांत झोपेत तीसच्या वर जात असतील तर डॉक्टरांना कळवा. दोन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागू शकते, जाड मांजरांत तर जास्तच. म्हणून «भूक लागली की खाईल» हे मांजराच्या बाबतीत चालत नाही.

पण ते पुन्हा पुन्हा का खातं?

कारण ते मांजर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरमालकांना विचारलं, तर बहुतेकांनी आपलं मांजर अनेकदा झाडपाला खाताना पाहिलं होतं. त्यातली फार थोडी आधीपासून आजारी दिसत होती, आणि खाल्ल्यावर वारंवार उलटी करणारी जेमतेम पाव ते एक तृतीयांश. म्हणजे «पोट बिघडलंय म्हणून गवत खातं» ही समजूत फारशी खरी नाही. पाला खाणं हा त्यांचा जुना स्वभाव आहे; रागावून, पाणी उडवून किंवा कुंडीपाशी टाळ्या वाजवून तो जात नाही. तुम्ही बघत नसताना खायचं, इतकंच मांजर त्यातून शिकतं.

तेव्हा खाऊ नये यापेक्षा काय खावं याची सोय करा. गहू, ओट किंवा बार्ली पसरट भांड्यात पेरा. आठवडा-दहा दिवसांत बोटभर उंच गवत येतं. दोन भांडी ठेवा, एक वाढत असताना दुसरं खाऊ द्या, कारण पिवळं पडलेलं गवत मांजर हुंगून सोडतं आणि पुन्हा तुमच्या ड्रासीनाकडे वळतं. हे गवत जिथे मांजर आत्ता पाला खातं, त्याच खिडकीत ठेवायचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या गवताला कुणी विचारत नाही.

लिंबाची सालं, संत्र्याची सालं, व्हिनेगरचे फवारे यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वास आठवड्यात उडतो आणि काही मांजरांना त्याचं काहीच वाटत नाही. तिखटाची पूड कुंडीत टाकणं तर क्रूरपणा आहे. ती पंजांना लागून डोळ्यांत जाते. उंच फळीवर ठेवणं हाही उपाय धरू नका, मांजराला फळी म्हणजे जिना. शिवाय गळलेलं पान खाली पडतंच. छताला टांगलेली कुंडी, ज्याच्या आसपास उडी मारायला काही नाही, ती मात्र उपयोगी पडते. नाहीतर दार बंद होणारी खोली.

लिलियम, डे लिली, सायकस, कण्हेर, कळलावी यांना मांजराच्या घरात जागाच नाही. इथे तडजोड करू नका. कुणी पुष्पगुच्छ दिला तर दारातच बघा. परागकोश कात्रीने कापून टाकले की झालं, असा सल्ला दिला जातो; तो चुकीचा आहे, कारण पानं आणि पाकळ्या तितक्याच विषारी उरतात. गुलाब ठेवा, काटे काढून. कॅलाथिया, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, आफ्रिकन व्हायोलेट ही झाडंही मांजरांना विषारी नाहीत. स्पायडर प्लांटच्या लोंबत्या पानांचा मात्र मांजर फडशा पाडणार, हे गृहीत धरा.

झाड निरुपद्रवी आणि तरी मांजर आजारी पडतंय, असं होत असेल तर कुंडीकडे बघा. खताचे रंगीत दाणे, मातीत टाकलेलं कीटकनाशक, गोगलगायींसाठीच्या गोळ्या, आणि ताटलीत साचलेलं खतमिश्रित पाणी. मांजराला आपल्या वाटीतल्या पाण्यापेक्षा कुंडीखालचं पाणी का आवडतं हे मला आजवर कळलेलं नाही, पण आवडतं. पाणी घातल्यावर ताटली रिकामी करा. मातीवर मोठे गुळगुळीत दगड पसरा, उकरणंही थांबतं.

पाल्याबरोबरच प्लास्टिक, लोकर, लिटरची वाळू असंही खायला लागलं असेल, किंवा वय झालेलं मांजर अचानक झाडांवर तुटून पडत असेल तर रक्ततपासणी करून घ्या. रक्तक्षय, थायरॉइड, आतड्यांचे आजार, जंत यांपैकी काहीही निघू शकतं.

आणि गवताचा स्वतःचाही एक उपद्रव आहे. लांब, धारदार पातं कधी उलटीबरोबर वर येऊन नाकाच्या मागच्या पोकळीत अडकतं. मग मांजर एकाएकी शिंकांच्या फैरी झाडतं, घसा खाकरतं, एकाच नाकपुडीतून स्राव येतो, आणि सर्दीचं औषध देऊन काही उपयोग होत नाही. हे पातं भूल देऊन काढावं लागतं. शौचाच्या जागी पात्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असू शकतं आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं. बाहेर आलेला भाग कात्रीने आखूड करा आणि डॉक्टरांना दाखवा.